भिंत साफ नाही

माझ्या मामाचं डोकं एकाच गोष्टीवर चालतं आणि ती म्हणजे भिंत. घराची नाही. घराच्या भिंतीला ओल आलीय, पोपडे पडतायत, मामी सांगून सांगून थकली, तिकडे तो ढुंकून बघत नाही. त्याची भिंत म्हणजे कामावरच्या मशीनची आतली भिंत.

त्या मशीनला टोकामॅक म्हणतात. मी इतिहास शिकते, मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण हॉस्टेल मिळालं नाही म्हणून मामाकडे राहायला आले आणि या घरात जेवताना दुसरा विषयच नसतो. तर सायकलच्या ट्यूबसारखी गोल पोकळ कडी, पण स्टीलची आणि माणूस वाकून आत शिरेल एवढी. आतली सगळी हवा पंपाने ओढून काढायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि त्यात वीज सोडून तो इतका तापवायचा की तो वायू राहतच नाही, त्याचा प्लाझ्मा होतो. सूर्याच्या पोटात जे चालतं तसलं काहीतरी भांड्यात करून बघायचं, म्हणजे पुढे कधीतरी त्यातून वीज काढता येईल. आता इतकं तापलेलं काही भांड्याला लागून चालणार नाही, म्हणून बाहेरून मोठमोठी चुंबकं लावून त्याला मधोमध अधांतरी धरून ठेवायचं. एकदा पेटवून विझेपर्यंत जे होतं त्याला शॉट म्हणतात. "अरे बघ" म्हणेपर्यंत संपतो. आणि मधेच प्लाझ्मा भिंतीला घासला तर तेवढाही टिकत नाही, शॉट मेला.

मामाचं काम भिंत साफ ठेवायचं. म्हणजे झाडू-फडकं नाही. त्या स्टीलमध्ये पाणी मुरलेलं असतं, ऑक्सिजन असतो, कुणी मोज्याशिवाय हात लावला असेल तर बोटांचं तेल असतं. प्लाझ्मा तापला की हे सगळं सुटतं, त्याच्यात मिसळतं आणि त्याला गार करून टाकतं. म्हणून आधी अख्खं भांडं गरम करून भाजायचं, मग आत हलकासा वायू तासन्‌तास पेटता ठेवायचा, मंद जांभळा उजेड पडतो, त्याला ते ग्लो म्हणतात. त्याने भिंत खरवडून निघते. आणि नियम असा की मामाने "भिंत साफ" म्हणून सही दिल्याशिवाय शॉट होत नाही. डायरेक्टर येऊ दे नाहीतर डायरेक्टरचा बाप. कंट्रोल रूममध्ये त्याचं नावच भिंत पडलंय. "भिंत आली का?" "भिंत चहाला गेली." त्याला माहितीय. मला तर संशय आहे त्याला आवडतं ते.

आता यात वैताग काय, तर त्याच कंट्रोल रूममध्ये ताई आहे. ताई म्हणजे मामाची मुलगी. पीएचडी करते, आणि जगात इतकी मशिनं असताना हिला वडिलांचंच मशीन सापडलं. तिचा विषय असा की प्लाझ्मा उभट केला तर जास्त चांगला तापतो, पण उभट केला की तो जागेवर राहत नाही, जरा सुटला की सरळ वर नाहीतर सरळ खाली. टोकावर उभी केलेली पेन्सिल जशी पडते तसं. मग वरखाली चुंबकाच्या कॉइल लावलेल्या असतात, त्या त्याला परत ढकलतात, आणि केव्हा ढकलायचं, किती ढकलायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम ताईने लिहिलाय. तीन वर्षं तेच करतेय.

आणि मशीन आता बंद होणार होतं. उघडून आतले भाग बदलायला, निदान दोन वर्षं. बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात ताईला अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या तीन पाळ्या मिळाल्या होत्या. तिच्या गाईडने स्पष्ट सांगितलं होतं, तुझ्या प्रोग्रॅमवर शेवटपर्यंत टिकलेले निदान तीन शॉट दे, मग लिहायला बस. नाहीतर मशीन परत सुरू होईपर्यंत थांब. ताईची स्कॉलरशिप तर याच वर्षी संपतेय. म्हणजे थांब याचा अर्थ सोड.

पहिल्या पाळीत सगळे शॉट मेले. एकूण एक. प्लाझ्मा छान पेटायचा, उभा राहायचा, मग थरथरायचा आणि वर जाऊन आपटायचा.

त्या दिवशी दोघं घरी आली ती चपला काढता काढताच भांडत. मला वाटलं होतं ताई म्हणेल तुमची भिंत घाण आणि मामा म्हणेल तुझा प्रोग्रॅम भिकार. कुठल्याही नॉर्मल घरात असंच झालं असतं. इथे उलटं.

"बाबा, चूक माझी आहे," ताई म्हणाली. "प्रोग्रॅम घाबरट झालाय. जरा हलला की जोरात ढकलतो, मग तो पलीकडे जातो, मग परत जोरात. ढकलण्याचा जोर कमी करायचाय, बस."

"तुझी काही चूक नाही. ऑक्सिजन किती वर गेला बघितलास? भिंत साफ नाही. चूक माझी आहे."

"नाही हो, माझी आहे."

"मी तीस वर्षं भिंत बघतोय."

"मग आता एकदा माझा ग्राफ बघा."

मामी भाजी ढवळत होती. ती म्हणाली, "दोघांची चूक आहे ना? मग दोघं भांडी घासा."

कुणी हसलं नाही. मी हसले, पण माझं कोण बघतंय.

ताईने लॅपटॉप टेबलावर आणून ताटाच्या बाजूला ठेवला. दोन रेघा होत्या. एक प्लाझ्मा कुठे आहे ते दाखवणारी, दुसरी ऑक्सिजनची. मला इतिहासवालीला दिसत होतं की पहिली रेघ आधी वर गेलीय आणि दुसरी तिच्यानंतर. म्हणजे प्लाझ्मा आधी सरकला, भिंतीला लागला, आणि लागला म्हणून ऑक्सिजन सुटला. पोरगं पडलं म्हणून रक्त आलं. मामा म्हणत होता रक्त आलं म्हणून पडलं.

आणि मामाने तो ग्राफ बघितलाच नाही. खरंच नाही बघितला. लॅपटॉप हाताने बाजूला सरकवला आणि म्हणाला, "घरी नको. तू माझी मुलगी आहेस. उद्या लोक म्हणतील जेवणाच्या टेबलावर सह्या होतात."

मला इतका राग आला ना. आणि पुढे जे केलं त्याने तर हद्द झाली. दुसऱ्या पाळीच्या दिवशी त्याने सही दिलीच नाही. भिंत साफ नाही, ग्लो लावा. अख्खी पाळी ग्लो. ताईचा अर्धा दिवस त्या जांभळ्या उजेडात गेला आणि ती समोर बसून बघत राहिली. तिथे ती त्याला सर म्हणते आणि तो तिला मॅडम म्हणतो, त्यामुळे भांडणसुद्धा करता येत नाही. "सर, एक शॉट तरी." "मॅडम, नियम आहे." बाकीचे लोक मान खाली घालून मोबाईल बघत होते म्हणे.

आणि नियम आहे म्हणजे काय, नियम सगळ्यांना असतो का तेवढा? ताईनेच मला सांगितलं, आदल्या महिन्यात दुसऱ्या टीमला याच्यापेक्षा घाण भिंतीवर सही मिळाली होती. मामा स्वतः म्हणाला होता, चालतंय, घ्या. तिच्या बाबतीत मात्र भिंत अशी पाहिजे की चाटून खाता आलं पाहिजे. म्हणजे मुलगी आहे म्हणून तिला दुसऱ्यापेक्षा कमी द्यायचं, आणि याला प्रामाणिकपणा म्हणायचं. मामी म्हणते तो शाळेच्या स्पर्धांना परीक्षक असायचा तेव्हापण असंच. ताई दरवर्षी चौथी यायची.

त्या संध्याकाळी ताई घरी आली आणि काही बोललीच नाही. रोज ती बडबडते, वैताग देते, माझ्या वस्तू उचलते. त्या दिवशी नुसती बसली आणि जोडे पण काढले नाहीत. मला तिची भीती वाटली, खरं सांगते. मामा पेपर वाचत होता, म्हणजे पेपर धरून बसला होता. आणि मी काहीही विचार न करता बोलून टाकलं.

"मामा, मग तू सही देऊच नकोस ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्या पाळीला तू नकोच. पंपवाल्या बाई आहेत की. त्यांना पण सहीचा अधिकार आहे, तूच सांगितलं होतंस, तू आजारी पडलास की त्या देतात. तुला लोकांची एवढी भीती आहे ना? मग उठ तिथून. तिथेच बसून तिच्याच वाट्याचं कापतोयस आणि वर स्वतःला ग्रेट समजतोयस."

पेपर खाली आला. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. या घरात मामाशी असं कोणी बोलत नाही, मी तर पाहुणी, म्हणजे फुकट खाणारी पाहुणी.

"भाचीबाई," मामा म्हणाला, "तुझी परीक्षा कधी आहे?"

"विषय बदलू नकोस."

"मी विचारतोय."

"पुढच्या महिन्यात."

"मग अभ्यास कर."

संपलं. पेपर परत वर. ताई उठली आणि जोड्यांसकट आत गेली. मी रात्रभर स्वतःला शिव्या देत पडले होते, त्यालाही देत होते.

सकाळी मामा आमच्या सगळ्यांच्या आधी निघून गेला, डबा पण न घेता. तिसरी पाळी दुपारची होती. मामीने कपाळाला हात लावला. "ग्लो सुरू करायला गेला असणार," ती म्हणाली. "आज पण तेच करणार. जा बाई, हा डबा दे त्याला आणि काय बोलायचं ते बोलून ये, मी काल ऐकलं, तू बरी बोलतेस."

मी गेले ती भांडायच्या तयारीनेच गेले. रिक्षात काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. गेटवर मला ओळखतात, सोडलं. मशीनच्या इमारतीपाशी पोचले तर मामा बाहेर. कंट्रोल रूमच्या दाराबाहेर एक सिमेंटचं बाकडं आहे, सिगारेटवाले बसतात तिथे, त्यावर हा एकटा. गळ्यात कार्ड नाही.

रिक्षातली सगळी उजळणी वाया गेली.

"तू इथे काय करतोयस?"

"बसलोय."

"आणि सही?"

"तू काल काय बोललीस विसरलीस का? पंपवाल्या बाईंकडे दिलं लिहून. या पाळीला मी नाही."

मग पहिल्याच दिवशी का नाही केलंस, मी विचारणार होते, अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात दार उघडून पंपवाल्या बाईच बाहेर आल्या. या बाई मामाच्या बरोबरीच्या, पंप सांभाळतात, आणि त्यांचा आवाज पंपापेक्षा मोठा आहे.

"अगंबाई, भिंत बाहेर बसलीय. आता छप्पर कशावर राहायचं?"

"सही दिली?" मामाने विचारलं.

"दिली."

"आकडे बघितले का? पाण्याचा आकडा जरा वर..."

"बघितले. बरी आहे भिंत."

"बरी?"

"बरी म्हणजे बरी. त्यावर ताट मांडून जेवायचंय का आपल्याला?" मग माझ्याकडे बघून, "तू भाची ना? याला जेवायला घाल. सकाळपासून माझ्या खिडकीतून याचं टक्कल दिसतंय."

त्या आत गेल्या. मी डबा उघडून मामाच्या मांडीवर ठेवला. त्याने नुसता हातात धरला.

तिथे बाहेर बसून शॉट दिसत नाही पण ऐकू येतो. आधी भोंगा. मग स्पीकरवर उलटे आकडे. मग जमिनीतून घुर्रर्र असा आवाज येतो, बाकड्यातून अंगात चढतो, तो चुंबकांचा. मामाने सांगितलं, प्लाझ्मा आपटला की धप्प वाजतं. नाही वाजलं तर शॉट टिकला.

पहिला शॉट. भोंगा, आकडे, घुर्रर्र, धप्प.

मामाने डोळे मिटले.

दुसरा शॉट व्हायला वेळ लागतो, चुंबकं गार व्हावी लागतात. तेवढा वेळ आम्ही दोघं बाकड्यावर. मी म्हटलं, "आत जाऊन बघ ना काय झालं."

"नाही."

"नुसतं दारातून."

"मी आज त्या दारातून आत गेलो तर इथे बसण्याला काय अर्थ आहे?"

"मग तेव्हा ग्राफ तरी बघायचा होतास. टेबलावर आणून ठेवला होता तिने. एक मिनिट लागलं असतं. दुसऱ्या कोणी आणला असता तर बघितला असतास की नाही?"

"बघितला असता."

"मग?"

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाला, "भिंत असती ना, तर मला काहीतरी करता आलं असतं."

"म्हणजे?"

"भिंत घाण असती तर मी साफ केली असती. दिवसभर केली असती. तिच्या प्रोग्रॅममधलं मला काही कळत नाही गं. तिचा ग्राफ खरा असेल तर मी तिथे नुसता उभा राहणार. लोकांचं जाऊ दे, लोक काय."

आता याला काय बोलायचं? एवढा राग घेऊन आले होते, आणि हा माणूस असलं काहीतरी बोलून बसतो. तिच्या हक्काची पाळी घालवली कशासाठी, तर स्वतःला काहीतरी काम असावं म्हणून. आणि सांगतो पण असं की ओरडता येत नाही. मी म्हटलं, "जेव आधी."

दुसरा शॉट, धप्प. पण उशिरा. मामा म्हणाला, "जास्त टिकला." तिसरा शॉट, आणखी उशिरा. म्हणजे ताई आत बसून तो घाबरटपणा थोडा थोडा काढत होती. चौथ्याला घुर्रर्र चालू झालं, चालू राहिलं, आणि हळूहळू विरून गेलं. मी मामाकडे बघितलं. त्याने बोट वर केलं, थांब म्हणून. काही वाजलं नाही. आतून कोणीतरी टाळी वाजवल्यासारखं ऐकू आलं.

"एक," मी म्हटलं.

"बोलू नकोस."

पाचवा पण टिकला. सहावा गेला, सातवा पण गेला, आणि मामाची घालमेल सुरू झाली. उठून दोन पावलं दाराकडे, परत बाकड्यावर. "आता भिंत आहे ही," तो पुटपुटला. "आता खरंच भिंत आहे."

"मामा, पुरे."

तेवढ्यात ताईच बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात पाण्याची बाटली. तिला माहीत होतं तो तिथे बसलाय, तरी त्याला बघून जरा थबकली.

"दोन टिकले," ती म्हणाली.

"ऐकलं."

"आता वेगळंच होतंय. सरकत नाही, जागेवर राहतो, पण आतून गार होत जातो आणि शेवटी कोसळतो. ऑक्सिजन आधी वाढतोय. या वेळी आधी." ती त्याच्याकडे बघत होती. "तुमची भिंत खरंच घाण आहे, बाबा."

म्हणजे दोघांची चूक होती. मामी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, भाजी ढवळता ढवळता, एकही ग्राफ न बघता. मला डोकं आपटावंसं वाटलं.

"वेळ किती आहे?" मामाने विचारलं.

"एक शॉट. फार तर दोन. बाई म्हणतायत अर्धा तास ग्लो लावू, मग एकच शॉट मिळेल. नाहीतर असेच दोन घेऊ. काय करू?"

मला वाटलं आता हा उड्या मारेल. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो मुलीने स्वतः येऊन विचारला. ग्लो लाव म्हणायला याला एवढासा वेळ लागला नसता. तोंड उघडलं पण त्याने. मग मिटलं.

"ग्राफ आहे का जवळ?"

तिने खिशातून मोबाईल काढून दाखवला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला, बोटाने मोठं केलं. बराच वेळ बघितलं.

"अर्ध्या तासाच्या ग्लोने काही होणार नाही याला," तो म्हणाला. "पाच-सहा तास पाहिजेत. अर्ध्या तासाने नुसतं ढवळून निघेल, जास्त घाण वर येईल. हायड्रोजनचा गॅस कमी सोडून बघ सुरुवातीला. भिंत आधीच देतेय, तू वरून अजून कशाला देतेस."

"किती कमी?"

"ते मला नाही सांगता येणार. ते तुझं."

ती आत गेली. जाताना डब्यातलं काहीतरी उचलून तोंडात टाकलं, आमच्याकडे न बघता.

पुढचा शॉट. भोंगा, आकडे, घुर्रर्र, आणि धप्प. गॅस फारच कमी केला असणार. मी त्याचा हात धरला होता, कधी धरला मला माहीत नाही. मग शेवटचा. चुंबकं गार व्हायला वेळ लागला, इतका की मला वाटलं आता नाही होणार, वेळ संपला. मग भोंगा वाजला. आकडे. घुर्रर्र. ते चालूच राहिलं, बाकडं थरथरत होतं, मामाचं पाऊल जमिनीवर दाबलेलं, आणि मग ते हळूहळू खाली आलं, आलं, आणि गेलं. नुसतं गेलं.

मामा उठला आणि थेट आत. मला वाटलं ताईकडे. मी धावत मागे. तर हा माणूस सरळ पंपवाल्या बाईंच्या टेबलापाशी, "असल्या भिंतीवर तुम्ही सही देता? पाण्याचा आकडा बघून देता?"

बाई म्हणाल्या, "तीन टिकले की हो."

"नशीब म्हणा."

"म्हणते. तुमचंच."

ताई खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होती. आजूबाजूचे तिला काहीतरी सांगत होते, ती ऐकत नव्हती.

आता मशीन उघडलंय, मामा रोज पांढरा डगला घालून आत शिरतो आणि अंग आखडलं म्हणून घरी येऊन कण्हतो. ताई लिहायला बसलीय. तीन शॉट तिच्या गाईडला पुरले, खळखळ करत का होईना. परवा जेवताना मामा म्हणाला, "शेवटच्या शॉटला भिंत साफ नव्हती हे लिहिलंस का?"

"लिहिलं."

"आणि आदल्या पाळीत अख्खा वेळ ग्लो केला, तरी नव्हती."

"तेही लिहिलं." ताईने ताटातून वर बघितलं. "ग्लोचा निर्णय कुणाचा होता ते लिहू?"

मामीने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"लिही," मामा म्हणाला. "खरं ते लिही." आणि लगेच, "पण किती तास केला ते बरोबर लिही. अर्धवट लिहिशील आणि लोक मला हसतील."